फोटो आणि हजेरीपट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये ह्यांच्या तब्येतीची गडबड होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना फोनवरून कळलंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्या फोनांमुळेच आज लिहायला बसले.

झालं असं, की दोन जिने चढले की ह्यांच्या छातीवर दडपण यायचं. पाच मिनिटं टेकले की जायचं. "गॅस असेल" म्हणत ह्यांनी दोन महिने काढले. शेवटी मुलाने धरून नेलं आणि अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर ती फिल्म दाखवली. करड्या पडद्यावर काळ्या फांद्या, पानं गळलेल्या झाडासारख्या, प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या. त्यातल्या एका फांदीला एका जागी कुणी चिमटीत धरावं तशी बारीक जागा. "हा सत्तर टक्के ब्लॉक," डॉक्टर म्हणाले. पुढे असंही म्हणाले, की डावी मुख्य रक्तवाहिनी स्वच्छ आहे, हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, तेव्हा घाई नाही. औषधं नीट घ्या, सिगरेट बंद, चालणं सुरू. त्रास कमी झाला नाही तर स्टेंटचा विचार करू.

मुलाने ती फिल्म मोबाइलवर घेतली आणि तासाभरात ती घरच्या ग्रुपवर गेली. मग काय विचारता! नणंदबाईंचा फोन, "वहिनी, एवढं डोळ्यांना दिसतंय आणि नुसत्या गोळ्या?" भाचा म्हणाला, "मामी, पाइप तुंबला तर आपण प्लंबरला बोलावतोच ना?" मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. आणि माझ्या मनात तरी वेगळं काय होतं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. डोळे मिटले की ती चिमटलेली फांदी समोर.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ती कुठून सुरू झाली ते बघायचं, ही जन्माची खोड. तेव्हा हृदयाचा फोटो काढायला माणूस कधी शिकला, इथपासून वाचायला लागले. मुलाने पुस्तकं आणून दिली, इंटरनेटवरचे लेख मोठ्या अक्षरात छापून दिले. त्यातून जे कळलं ते सांगते.

गोष्ट सुरू होते १९२९ मध्ये, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे नावाच्या गावात. वर्नर फोर्समान नावाचा पंचवीस वर्षांचा शिकाऊ डॉक्टर. त्याच्या डोक्यात आलं, की हाताच्या शिरेतून लवचीक नळी सरकवत नेली तर ती थेट हृदयात पोचेल. वरिष्ठांनी साफ नकार दिला. त्या काळी जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावणं म्हणजे त्याला मारणंच, अशी समजूत. पण ह्या पठ्ठ्याने गेर्डा डिट्झेन नावाच्या परिचारिकेला पटवलं, कारण उपकरणांच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. त्याने तिला टेबलावर झोपवून बांधलं आणि तिचं लक्ष नसताना स्वतःच्याच कोपरातली शीर उघडून नळी आत सरकवली! मग तिला सोडवलं आणि नळी तशीच हातात घेऊन जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. परिचारिकेने समोर आरसा धरला, त्यात बघत त्याने नळी आणखी पुढे ढकलली आणि फोटो काढून घेतला. ६५ सेंटिमीटर नळी आत आणि टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात.

कौतुक राहिलं बाजूला, बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयात त्याला टिकू दिलं नाही. तो मूत्रविकारांचा डॉक्टर झाला. माणूस म्हणून तो आदर्श होता असंही नाही, १९३२ मध्ये तो नाझी पक्षात गेला होता. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कुर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी तीच नळी वापरून हृदयातले दाब मोजण्याची रीतसर पद्धत बसवली आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

पण हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या त्या बारीक फांद्या अजून कुणाला नीट दिसल्या नव्हत्या. त्या दिसल्या त्या चुकून! ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक. डॉ. मेसन सोन्स एका सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या हृदयाच्या झडपेची तपासणी करत होते. नळीचं टोक महारोहिणीत होतं. क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडायचं, त्याच क्षणी टोक घसरून उजव्या कॉरोनरी रक्तवाहिनीत शिरलं आणि जवळजवळ तीस घनसेंटिमीटर औषध थेट तिच्यात गेलं. असं झालं तर हृदय फडफडून माणूस जातो, असं तेव्हा सगळे मानत. सोन्स छाती उघडायच्या तयारीने धावले. हृदय थांबलं खरं, पण त्यांना सुचलं आणि त्यांनी त्या तरुणाला खोकायला सांगितलं. तीन-चार वेळा खोकल्यावर ठोके परत सुरू झाले! आणि मागे राहिली ती फिल्म. काळ्या फांद्यांची, आमच्या ग्रुपवर फिरली तशीच.

आता चिमटलेली जागा बोटाने दाखवता यायला लागली. आणि एकदा दिसली, की ती दुरुस्त करावी असं वाटणारच. त्याच क्लीव्हलँडमध्ये अर्जेंटिनाहून आलेले रेने फावालोरो सोन्स यांच्या फिल्मा तासन्‌तास बघत बसायचे. १९६७ मध्ये त्यांनी पायातली शीर काढून हृदयावर जोडली, म्हणजे आपली बायपास. मग झुरिकचे अँड्रियास ग्रुंटझिग. त्यांनी घरातल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी एका अडतीस वर्षांच्या माणसाची चिमटलेली रक्तवाहिनी फुगा फुगवून उघडली. ही पहिली अँजिओप्लास्टी. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाली. ग्रुंटझिग यांच्याकडे शिकून आलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिकल यांनी अँजिओप्लास्टी भारतात आणली. आज ती इतकी घरोघरची झाली आहे, की २०१७ मध्ये आपल्या सरकारला स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला वाटलं, भाच्याचंच बरोबर. पाइप दिसला, तुंबलेली जागा दिसली, प्लंबर आला. मग आमचे डॉक्टर गोळ्या कसल्या देतात?

पण ह्याच काळात, वेगळ्या जागी, एक दुसरी गोष्ट चालू होती. ती फारशी कुणी सांगत नाही, कारण तिच्यात जिवावरचे प्रसंग नाहीत. तिच्यात आहेत नोंदवह्या.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षं वाढत होता, पण वय वाढलं की दाब वाढायचाच, असं तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी तपासायचं, विचारायचं, लिहून ठेवायचं. कुणाच्या हृदयात नळी नाही, रक्तवाहिन्यांचा फोटो नाही. दाब किती, कोलेस्टेरॉल किती, सिगरेट ओढता का, पुढे काय झालं. आणि १९६१ पर्यंत त्या वह्यांनी सांगून टाकलं, की कोणत्या माणसांना पुढे हृदयविकार होण्याची शक्यता जास्त. दाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू ही आज पोराटोरांना माहीत असलेली यादी पक्की झाली ती अशी. सोन्स स्वतः मात्र भयंकर सिगरेट ओढायचे आणि १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले.

हे वाचताना मला आमच्या शाळेतला ग्रुप फोटो आठवला. वर्ष संपताना फोटोग्राफर यायचा. पोरं केस चापून, धुतलेले कपडे घालून ओळीत उभी. फोटोत सगळा वर्ग हजर! पण लावणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस कोण येत नव्हतं, कुणाची शाळा मार्चनंतर सुटणार, हे फोटोत कधी कळलं नाही. ते हजेरीपटात कळायचं, रोजच्या त्या बारीक खुणांमध्ये. फोटो त्या क्षणापुरता खरा. पण पोराचं पुढे काय होणार ते विचारायचं असेल तर हजेरीपटच उघडावा लागतो.

हृदयाच्या बाबतीतही तसंच झालं. फोटो बघून केलेल्या उपायाने माणूस जास्त जगतो का, हे फोटोला विचारून कळत नाही. त्यासाठी माणसांचे दोन गट करायचे, एकावर उपाय करायचा, दुसऱ्यावर नाही, आणि वर्षानुवर्षं हजेरी घ्यायची.

ह्याचा एक जुना नमुना तर मला फारच विलक्षण वाटला. १९५० च्या दशकात छातीतल्या दुखण्यावर अमेरिकेत एक सोपी शस्त्रक्रिया निघाली होती. छातीच्या आतल्या बाजूची एक रक्तवाहिनी बांधून टाकायची, म्हणजे ते रक्त हृदयाकडे वळेल. लोकांना आराम पडायचा, मग शंका कशाला घ्यायची? पण सिअ‍ॅटलच्या डॉ. लेनर्ड कॉब यांनी १९५९ मध्ये सतरा रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ जणांची रक्तवाहिनी बांधली, नऊ जणांची नुसती कातडी कापून शिवली. कुणाला काय केलं हे ना रुग्णाला माहीत, ना नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांना. आणि आराम? दोन्ही गटांना सारखाच! ती शस्त्रक्रिया बंद पडली.

मग १९८० च्या दशकात फोटोबद्दलच शंका यायला लागल्या. अँजिओग्राफीत दिसतं ते आतून वाहणारं औषध, रक्तवाहिनीची भिंत दिसत नाही. म्हणजे नदीचं पाणी दिसतं, काठ किती पोखरलाय ते नाही. शिकागोचे सीमूर ग्लॅगोव्ह यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या १३६ हृदयांचा अभ्यास १९८७ मध्ये मांडला. भिंतीत चरबीचा थर साचत जातो तशी रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला फुगते, आणि बराच थर साचेपर्यंत आतली वाट तशीच रुंद राहते. म्हणजे फोटो स्वच्छ आणि भिंत रोगट, असं होऊ शकतं. पुढच्याच वर्षी विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण शोधले, ज्यांची अँजिओग्राफी हृदयविकाराच्या झटक्याआधीही झाली होती आणि नंतरही. २९ जणांची रक्तवाहिनी नव्याने पूर्ण बंद झाली होती. त्यांतल्या १९ जणांच्या पहिल्या फोटोत ती जागा पन्नास टक्केसुद्धा अरुंद नव्हती. झटका बऱ्याचदा अशा साध्या दिसणाऱ्या जागी येतो. तिथला मऊ थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद.

भाच्या, इथे तुझा प्लंबर अडतो बघ. तो एक जागा उघडतो. पण रोग आहे सगळ्या झाडाला.

आणि सगळ्या झाडाला पोचते ती गोळी. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच-साडेपाच वर्षांत खोट्या गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, खऱ्या गोळीच्या गटात १८२. फोटोत दाखवण्यासारखं काही नाही, पण ७४ माणसांचा फरक!

मग समोरासमोर गाठ पडली. २००७ मध्ये 'करेज' नावाचा अभ्यास आला. २,२८७ रुग्ण, सगळे ह्यांच्यासारखे, म्हणजे रक्तवाहिनी अरुंद पण दुखणं स्थिर. अर्ध्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी, अर्ध्यांना फक्त औषधं. साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा झटका पहिल्या गटात शंभरात १९, दुसऱ्यात साडेअठरा. लोकांना पटेना. मग त्याहून मोठा 'इस्केमिया' अभ्यास झाला, ३७ देशांत, आपल्या भारतातही, ५,१७९ रुग्णांवर. २०१९ च्या नोव्हेंबरात निकाल सांगितला. नळी घालून किंवा बायपास करून उपाय केलेल्या गटात मृत्यू १४५, आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मास्तरीण एकांगी शिकवते असं व्हायचं. ज्यांना छातीत वारंवार दुखत होतं, त्यांना 'इस्केमिया'मध्येही उपायाने जास्त आराम पडला. 'करेज'मधल्या औषधवाल्या गटातल्या साधारण एकतृतीयांश लोकांना पुढे कधीतरी उपाय करावाच लागला. लंडनमध्ये २०१७ साली डॉ. रशा अल-लामी यांनी कॉब यांच्यासारखाच खोट्या उपायाचा प्रयोग केला. औषधं चालू असलेल्या २०० रुग्णांपैकी काहींना स्टेंट, काहींना नुसती नळी, सगळ्यांच्या कानाला गाणी लावून. सहा आठवड्यांनी चालण्याच्या पट्ट्यावर दोन गटांत सिद्ध होईल असा फरक निघाला नाही. पण त्यांनीच २०२३ मध्ये, दुखणं दाबणारी औषधं थांबवून ३०१ रुग्णांवर परत प्रयोग केला, तेव्हा स्टेंटने दुखणं नक्की कमी झालं. म्हणजे स्थिर दुखण्यात स्टेंट खोटा नाही. तो दुखण्यावरचा उपाय आहे, आयुष्य वाढवण्याचं वचन नाही.

आणि हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं: प्रत्यक्ष झटका आला असेल तर हे सगळं विसरा! तेव्हा गुठळीने वाट बंद झालेली असते, मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो, आणि बंद रक्तवाहिनी ताबडतोब उघडण्यानेच जीव वाचतात. डावी मुख्य रक्तवाहिनी अरुंद असेल, पंपिंग कमी असेल, दुखणं वाढत असेल, तर तीही गोष्ट वेगळी. माझा लेख वाचून कुणी डॉक्टरांचं ऐकायचं सोडू नका.

मग फोटो निरुपयोगी का? मलाही तसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात स्कॉटलंडचा एक अभ्यास वाचला, २०१८ चा. छातीत दुखतं म्हणून आलेले ४,१४६ लोक. अर्ध्यांची नेहमीची तपासणी, अर्ध्यांचा शिवाय सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांचा फोटो. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका, फोटो न काढलेल्यांत शंभरात ३.९, फोटो काढलेल्यांत २.३. आणि गंमत म्हणजे स्टेंट-बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच! फरक पडला तो मुख्यतः औषधांनी. फोटोमुळे कुणाला रोग आहे ते नेमकं कळलं आणि त्या माणसांना गोळ्या सुरू झाल्या. चांगल्या वर्गशिक्षिकेने ग्रुप फोटोत एक सुकलेला चेहरा बघावा आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोराच्या हजेरीवर लक्ष ठेवावं, तसं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली.

असो. तर आमच्याकडे आता एक दोनशे पानी वही केली आहे. मी रेघा मारून दिल्या. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, रक्तदाब, किती मिनिटं चालले, छातीत काही वाटलं का. सुरुवातीला ह्यांनी चेष्टा केली, "मला काय आठवीत बसवलंस का?" आता स्वतःच खुणा करतात. सिगरेटच्या रकान्यात पहिल्या महिन्यात चार फुल्या आहेत, त्या मी खोडू दिल्या नाहीत. दोन जिने चढताना आता थांबावं लागत नाही, तिसऱ्याला लागतं. ब्लॉक आहे तिथेच आहे. उद्या दुखणं वाढलं तर स्टेंट घालू, आणि तेव्हा कुणी मला हा लेख दाखवू नका!

भीती गेली का? नाही. परवा पहाटे हे नेहमीपेक्षा उशिरा उठले तर मी उगीचच नाकासमोर हात धरून बघितला. पण ती फिल्म मी मोबाइलवरून काढून टाकली आहे. नणंदबाई, पुढच्या खेपेला याल तेव्हा फोटो मागू नका. वही बघा.